बेचाळीस हजार

नोटीस मोबाईलवर आली, शेवग्याच्या शेंगा सोलताना.
ओल्या बोटांना स्क्रीन दाद देईना,
तर मेडिकलचा एक पोरगा म्हणाला, द्या काकू, मी उघडतो,
आणि वाचता वाचता गप्प झाला.

मिरजेहून सहा आसनी रिक्षानं विश्रामबाग.
मगदूमांच्या टेबलावर फायली, फायलींवर भडंगाची पुडी.
ते बोटं मोडत सांगत होते:
एक तर म्हणतील, बरोबर आहे, आणि फाईल बंद.
कधी उलट पैसेच परत देतात. हसू नका वहिनी,
माधवनगरच्या एका मास्तरांना मिळाले,
वजावट घ्यायलाच विसरले होते.
नाहीतर बाकी निघेल, वर व्याज.
दडवलंय असं वाटलं तर दंड.
पटलं नाही तर अपील, तीस दिवसांत.
करंगळी तेवढी उरली.
ती कशाची, मी विचारलं नाही.

घरी माळ्यावरून त्या वर्षाची वही काढली.
हळदीचे डाग, पानं एकमेकांना चिकटलेली.
सनदी, दोन वेळ, कांदा-लसूण नको.
शिर्के, रविवार धरू नये.
तांबोळी, रमजानचा महिनाभर डबा पहाटे चारला.
आणि एका ओळीवर
मीच फासलेली शाई.

साहेबाला आता चेहरा नसतो.
समोर उभं राहायचं नाही, नमस्कार नाही,
कुठल्या गावात बसतो तेही कळत नाही.
प्रश्न तेवढा येतो, स्वच्छ टाइप केलेला:
रोख जमा केलेल्या रकमेचा स्रोत काय?

पाटल्या मोडल्याची सराफाची पावती सापडली,
देव्हाऱ्यातल्या कागदाखाली.
भिशीसाठी सात जणींनी सह्या दिल्या,
आठवीनं अंगठा, आणि वर विचारलं,
तुला पकडतात का गं?
मेसचे पैसे वहीनं सांभाळले.
बेचाळीस हजार मात्र
कुठल्याच पानाला टेकेनात.

मला ठाऊक होते ते.
स्टेशनबाहेर उसाच्या गाड्यापाशी
एका बाईनं रुमालाची गाठ दातांनी सोडली होती.
मुलगा शिक्षण अर्धं टाकून गेलेला,
चौदा महिन्यांची मेस थकवून.
मी ती केव्हाच सोडून दिली होती.
त्यानं खाल्लंय, ती म्हणाली.
मोजून घ्या.
मी मोजले नाहीत.
फक्त कागदावर नाव नको त्याचं,
बाकी ठेवून गेला असं कुणी वाचायला नको.
जतची एसटी लागली होती. ती पळाली.
पावती तिनं मागितली नाही, मीही दिली नाही.

आदेश आला गुरुवारी.
इतर सगळं मान्य.
बेचाळीस हजारांचा खुलासा समाधानकारक नाही.
अशा पैशावर कर शंभराला अठ्ठ्याहत्तर,
दंडाचा कागद वेगळा येईल.

मगदूम उसळले. अहो, एक साधं पत्र आणा त्या बाईचं,
अपिलात उडून जाईल हे!
नाव सांगा, मी ड्राफ्ट करतो.

नाव आठवत नाही, म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
मला अकरा वर्षांतल्या पोरांचे उपास-तापास तोंडपाठ आहेत,
हे त्यांना माहीत आहे.
त्यांची बायको माझ्याच भिशीत.
थोड्या वेळानं म्हणाले, बरं,
आणि भडंगाची पुडी माझ्याकडे सरकवली.

व्याज धरून जवळजवळ सगळेच गेले.
चलनाची पावती मात्र आली, माझ्या नावाची, शिक्क्यासकट.
ती त्या पानात ठेवली,
शाई फासलेल्या ओळीला लागून.

संध्याकाळी दोन नवे पोरगे दारात,
एकाच्या चपलेला अजून गावची माती.
काकू, पैसे आधी द्यायचे का?

आधी जेवा.
मग आडनाव नीट सांगा, पावती करते.