पाहुण्यांचा घाट

थाखेक म्हणजे पाहुण्यांचा घाट,
लॉजवरच्या सोमसाकने सांगितलं, फोनमध्ये भाषांतर करून.
खेक म्हणजे पाहुणा, आणि हिंदुस्थानातून आलेल्यालाही इथे खेकच म्हणतात.
यू, म्हणाला, माझ्या छातीवर बोट ठेवून,
आणि लादी पुसायला वाकला.

विट्याच्या स्टँडवर पेपर वाचणारा म्हातारा
मान वर न करता विचारतो, काय पाव्हणं, कुठलं?
तेव्हा समजायचं, ओळखलं आपल्याला.

तर लेकीने घेऊन दिलेली सहा खिशांची पँट,
हनुवटीखाली दोरी असलेली टोपी,
नाकाच्या शेंड्यावर न जिरणारं पांढरं क्रीम,
तिसऱ्या दिवशी हे सगळं मी खोलीत ठेवलं.
बाजारातून रबरी चप्पल घेतली, इथल्यासारखी.
चौकड्यांचा पंचा घेतला, कमरेला गुंडाळला,
आणि मेकाँगच्या कडेने निघालो
भाचीच्या घरी निघाल्यासारखा.

टुकटुकवाला ओरडलाच: हॅलो! गुहा?
कशावरून रे बाबा?
दुपारभर डोकं खाजवलं तेव्हा लक्षात आलं,
इथलं कुणी वर बघत चालत नाही.
देवळाच्या छपराचं टोक, तारेवरचं घरटं,
नदीपल्याड पेटणारे थायलंडचे दिवे,
या सगळ्याकडे तोंड उघडं टाकून बघणारा
रस्त्यात मी एकटा.

एकतीस वर्षं काचेमागे बसून लोकांच्या नोटा मोजल्या.
इथे मशीनमधून पंधरा लाख किप निघाले,
माझे, स्वतःचे, सहा हजार रुपयांचे.
अंगठ्याला काय, सवय. फर्रर्र मोजत गेला.
बाकावरची दोन पोरं त्या अंगठ्याकडे बघत होती,
एकमेकांशी काही न बोलता.
मी पाठ फिरवली. पाठ फिरवल्याचं त्यांनी पाहिलं.

चांथावोनच्या सूपच्या दुकानात पाटीवर दोन आकडे.
एक इंग्रजीत, पस्तीस हजार.
एक त्यांच्या वळणदार लिपीत.
आकड्यांच्या माणसाला लिपी कळायला किती दिवस लागणार?
चौथ्या दिवशी वाचला: पंचवीस.
फरक चाळीस रुपयांचा. आमच्याकडे मिसळही येत नाही तेवढ्यात.
पण कुसळ शिरावं तसं झालं,
दिसत नाही आणि खुपतं.
आणि लाजही वाटली, कारण तिच्या घरात
त्या चाळीस रुपयांचं काय काय येत असेल
हे मला सूप पिता पिता मोजता येत होतं.

त्याच संध्याकाळी वीज गेली.
सगळ्या गल्लीतून एकच सुस्कारा निघाला, आपल्याकडे निघतो तसा.
शेजारी बाकावर कुणी म्हातारी येऊन टेकली,
गवती चहाचा वास आला, टोपलीतून असेल,
आणि ती बोलायला लागली. माझ्याशी.
मी म्हटलं, हं.
ती आणखी बोलली. कुणाची तरी तक्रार असावी,
बहुतेक सुनेची, नाहीतर गुडघ्यांची.
हं.
एका जागी ती थांबली, तिथे मी जरा लांबवलं: हंऽऽ.
अंधारात माझा हात शोधून तिने उकडलेल्या शेंगा ठेवल्या.
गरम होत्या.
हं म्हणायला व्हिसा लागत नाही,
मी तेवढा वेळ तिच्या गल्लीतला होतो,
तिला माझं नावही माहीत असेल, कुणाचं तरी.

वीज आली.
तिने तोंडावर हात घेतला. खेक! ती किंचाळली,
आणि दुकान हसलं, चांथावोन तर पळी धरून,
मीही, शेंग दाताखाली तशीच.
शेंगा मात्र तिने परत मागितल्या नाहीत.

बिल पस्तीस.
पस्तीस दिले. एकेक नोट ठेवत, अंगठा न लावता.

म्हातारी टोपली उचलता उचलता काहीतरी विचारून गेली.
फोन खोलीवर होता. पण प्रश्न ओळखीचा वाटला.
विटा, मी म्हणालो.
विटा, तिने मान डोलावली,
तिथे तिची लेक दिल्यासारखी.