खाच

जोएलच्या आईने फोनवर सांगितलं,
आमच्यात पेटी ठेवतात, स्टेजच्या बाजूला,
येणारा-जाणारा पाकीट टाकतो.
वर कौमुदीचा हुकूम: आत्या, विकतची नको. तू कर.

मी सरकारी छापखान्यात होते, बाइंडिंगला, एकतीस वर्षं.
गॅझेटं शिवली, खतावण्या शिवल्या,
कोरे फॉर्म शंभर-शंभरात बांधले.
लग्नाचं काही हाताखालून गेलं नव्हतं.

अब्दुल रहमान स्ट्रीटवरून पुठ्ठा घेतला, जाड, राखाडी.
टॅक्सीवाला म्हणाला, मावशी, दार लागत नाही.
मग तो अख्खा तावच डोक्यावर धरून
क्रॉफर्ड मार्केटच्या सिग्नलपर्यंत चालले.
ऊन लागलं नाही, एवढा फायदा.

खळ शिजवली. चिमूटभर मोरचूद, सवयीने.
वहिनी म्हणाली, दोन तासांच्या पेटीला
कसर लागणार आहे का?
नाही लागणार.
पण मोरचूद नसलं की मला ती खळ वाटत नाही,
पेज वाटते.

हिरवा खण ओढून बसवला, कोपरे तिरपे मुडपले,
हाडाची पट्टी फिरवली.
एक बुडबुडा राहिलाच, डाव्या अंगाला.
ती बाजू भिंतीकडे.

आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात
मी हॉलच्या दाराशी, टेबलामागे.
अक्षर बरं, हिशेब चोख,
आणि शेवटच्या पंगतीला बसली तरी चालते, अशी.
नाव, गाव, रुपये. स्टीलचा डबा, झाकणासह.
एकदा एक गृहस्थ वाकून म्हणाले, अकरा लिहा हं.
पाकिटात पाच होते.
मी अकरा लिहिले. सहा माझ्या पर्समधून घातले.
छापखान्यात असं केलं असतं तर मेमो मिळाला असता.

या पेटीला वही नाही.
पाचशे पडोत की एकावन्न,
पुठ्ठ्यावर कागद, आवाज तेवढाच.

खाच कापताना मात्र हात थांबला.
किती ठेवायची?
खणातून एक जुनं पाकीट काढलं, वर रुपया चिकटवलेलं,
घालून पाहिलं. नाण्यापाशी अडलं.
ब्लेडने सूतभर वाढवली. पुन्हा अडलं.
आणखी सूतभर,
आणि ते सटकन आत गेलं.

बूड आदल्या रात्रीच चिकटवून झालेलं,
शब्दकोशाच्या दोन खंडांखाली वाळलेलं.
पेटी हलवली. आत सरसर.
राहू दे म्हटलं.

माझगावच्या हॉलमध्ये पेटीकडे कुणी फारसं बघितलं नाही.
लोक फोटोच्या रांगेत, पेटी फुलदाणीच्या मागे.
जोएलची आई, ब्रिजेटबाई, तेवढ्या आल्या,
खाचेच्या कडेवरून बोट फिरवलं,
म्हणाल्या, हाताला लागत नाही कुठे.
शिवणकाम करत असणार.

रात्री दीडला ओजस सुरी घेऊन आला.
थांब, म्हटलं,
आणि ओल्या फडक्याने बुडाची पट्टी भिजवत बसले.
खळ सोडते. जरा वेळ द्यावा लागतो.
सगळे जांभया देत माझ्या हाताकडे बघत होते.

पाकिटं गादीवर पडली.
वही नको म्हणणाऱ्यांनीच मोबाइलमध्ये यादी उघडली.
काकांचे हजार, फॅक्टरीतल्या मंडळींचं मिळून एक,
उत्तनच्या कुणाचं, आत सुकलेलं फूल.
सगळ्यात शेवटी एक पिवळट.
वर नाव नाही. आत काही नाही.
रुपया फक्त, बाहेरचा.

कोण हा महाभाग, वहिनी म्हणाली,
आणि खोलीभर हसू पसरलं.
जोएल जरा बिचकत हसला, नवा जावई.
मीही हसले.
ओजसने टाइप केलं: निनावी, एक.

क्रमांक एकशे चौऱ्याऐंशी.
मी चश्मा लावून, वाकून पाहिलं.
बरोबर होतं.

मग म्हटलं, पुठ्ठा टाकू नका रे,
चांगला आहे.