अर्धलीने

नेरिस म्हणते, अर्धे पैसे माफ.
चारा, बिछायत, नालबंदाचं बिल, सगळं अर्धं.
बदल्यात आठवड्याचे नऊ तास
ब्रिथ तिच्या शाळेची.

नऊ तास म्हणजे
नऊ जणांच्या टाचा.

मी माझ्या बसच्या पाळ्या मांडून बघते:
पहाटेची अबरिस्टविथ, रात्रीची माखन्लेथ,
मधे खराऱ्याला उरतात वीस मिनिटं,
तीही ट्रॅक्टर आडवा आला नाही तर.

"फिरली तर बरंच," बहीण म्हणते,
"नाहीतर नुसती उभी राहून सुजते."
खरंय. गेल्या एप्रिलात
मागचे दोन्ही पाय खांबासारखे झाले होते.

शनिवारी कुंपणाशी उभी राहिले.
एक चष्मेवाला पोरगा लगामाला लोंबकळत होता.
ब्रिथनं जबडा उघडला, मी मुठी आवळल्या.
हे मी धरूनच चालले होते.

मग आली एफा, सात वर्षांची.
रिकिबीत पाय पोचेना, बादलीवर चढली,
मानेला गाल लावून काहीतरी पुटपुटली.
घोडीचा डावा कान
वळला.

तो कान माझा होता.
सहा वर्षं, फाटकापलीकडे नुसती किल्ली वाजली तरी
वळणारा.

घोडं पेंड खातं ते इथे.
तंगानं पडलेली जखम भरते,
त्याचं मलम आहे फडताळात.

नेरिसनं कागद पुढे केला.
तिचं पेन थंडीनं चालेना.
"गाडीत आहे माझं," म्हणाले,
आणि तबेल्यासमोरून जाताना
खिशातल्या किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या,
वाजू नयेत म्हणून.