पाचवा अंक, गाळलेला

वही मांजरपाटात बांधलेली,
टाके मागाच्या दोऱ्याचे.
आत एक इंग्रजी शोकान्तिका, गुंडोपंत आराध्ये मास्तरांनी
शाळा सुटल्यावर चाळीस दिवसांत
मराठीत उतरवलेली, चिमणीच्या काजळीसकट.
डाव्या समासात लक्ष्मय्या गाजूल, प्रॉम्प्टर,
माझ्या आजोबांचा थोरला भाऊ,
स्वतःपुरत्या खुणा करतो तेलुगू लिपीत.
मला ती येत नाही, मावशीकडून वाचून घेतल्या :
इथे थांब. इथे पेटी. इथे राणीची मिशी बघ.

पहिले चार अंक स्वच्छ.
पाचव्यात तांबडी शाई.
‘राजाचा वध रंगभूमीवर दाखवू नये.
वधासंबंधीचे भाषणही गाळावे.’
खाली सही, कोंबडीनं उकिरडा उकरावा तशी,
आणि कचेरीचा गोल शिक्का.

आता नाटकच एवढं होतं, की प्रधान राजाला मारतो.

मास्तर रात्रभर जागले
आणि तालमीला एकच ओळ घेऊन आले :
दूत येतो. म्हणतो, महाराज पटकीनं गेले.
सिद्रामप्पा हत्तरे, प्रधान, तीन महिने
आरशासमोर खंजीर उगारत होता.
‘मग मी काय करू बे, मास्तर?’
‘या विंगेतून निघ, त्या विंगेत जा.’
‘खंजीर घेऊन?’
‘परवान्यात खंजिराबद्दल काही नाही.’

गड्ड्याच्या यात्रेत खेळ लागला.
पत्र्याचं थेटर. पिटात दुसऱ्या पाळीचे लोक,
केसांत कापूस तसाच, मुठीत शेंगा.
पुढे चार खुर्च्या :
साहेब, साहेबाचा डॉक्टर, एक रिकामी, एक मडम.

राजा पलंगावर. हत्तरे निघाला.
या विंगेपासून त्या विंगेपर्यंत सतरा पावलं,
गाजूलनं मोजून लिहिलीत.
नवव्या पावलावर तो थांबला.
थांबायचं ठरलं नव्हतं.

पुढच्या खुर्चीतून कुणीतरी बोलत होतं,
ओठातल्या ओठात, जात्यावर बसल्यासारखं.
मडमेला नाटक पाठ होतं.
कुठल्या तरी थंड गावात, बापाचा हात धरून
लहानपणी पाहिलेलं असेल,
आणि आता स्टेजवर जिथे भोक पडलं
तिथे तिची जीभ आपोआप रफू करत होती,
एकेक गाळलेली ओळ, तिच्या तिच्या जागी.
साहेबानं तिच्या मनगटावर हात ठेवला.
ती थांबली नाही.

हत्तरेला इंग्रजी येत नव्हतं.
घरी कानडी, बाजारात मराठी, साच्यावर शिव्या.
पण तीन महिन्यांची तालीम कानांत होती,
कुठे श्वास, कुठे वार, एवढं ओळखायला पुरली.

त्याच वेळी नरसय्या इराबत्तीच्या हातून
गॅसबत्ती विझली.
विझली की विझवली, वहीत नाही.
पलंग करकरला.
शेंगा फुटायच्या थांबल्या.

बत्ती लागली तेव्हा राजा खाली,
मुकुट घरंगळत खुर्च्यांपर्यंत गेलेला,
प्रधान कुठेच नाही.
दूत आला, आणि इमानदारीत, ठरल्याप्रमाणे म्हणाला,
महाराज पटकीनं गेले.

पिटाच्या शेवटून कुणीतरी ओरडलं,
‘बघितली की बे पटकी!’
पत्रे हालले एवढं हसले लोक.
साहेबाचा डॉक्टरही हसला. त्याला कुणी तरी अर्थ सांगितला असावा,
मग तो हसायचा थांबला.

परवाना सोमवारी गेला.
मास्तरांची बदली झाली, हत्तरे साच्यावर परतला,
थेटरात पुढे चादरींच्या गठड्या पडल्या.
तांबडी शाई आता पिकल्या पेरूच्या गरासारखी,
खालची अक्षरं तिच्यातून सरळ वाचता येतात.

मडमेचं काय झालं, कुणी लिहिलं नाही.
फक्त सतरा पावलांच्या शेजारी एक ओळ आहे,
अख्ख्या समासात तेवढीच मराठीत,
बहुतेक मास्तरांनी वाचावी म्हणून :
बाई प्रॉम्प्टिंग चांगलं करतात.