व्यापारी मूल्य : नाही

तार्तूत फेब्रुवारी. नदी इतकी गोठलेली
की पोस्टमन पूल सोडून बर्फावरूनच येतो,
काखेत पुठ्ठ्याची नळकांडी.
हेल्दुर प्रत्येक नळकांडं आधी हुंगतो.
जवसाचं तेल, म्हणतो, कुठल्याही देशातलं असो,
वाळायला आपलाच वेळ घेतं.

ठरलं होतं ते साधंच :
पंधरा गावांतल्या पंधरा जणांनी
एकेका ठशाचे पंधरा छाप काढायचे,
वाटून घ्यायचे,
आणि आपापल्या गावात मिळेल त्या भिंतीवर टांगायचे.

लोमेहून मासळीबाजार आला, चार रंगांत,
चौथा केसभर सरकलेला.
नीगाताहून बर्फ. म्हणजे कोराच कागद, नुसता दाबलेला.
वीविकाला वाटलं, शाई लावायची राहिली.

ओरुरोहून सेनोबिया कोंदोरीची चूल.
चुलीवर मडकं, खाली अक्षरांच्या तीन ओळी,
सगळी उलटी.
वीविका हळहळली : नवखी असणार.
कोरताना अक्षर फिरवायचं विसरली बिचारी.
यादीतून गाळू या का?

हेल्दुर काही बोलला नाही.
मोरीत जाऊन दाढीचा आरसा काढून आणला
आणि समोरच्या भिंतीवर ठोकला.

उद्घाटनाला चाळीसेक माणसं, ओल्या मोज्यांनी.
चित्राकडे पाठ करून उभी राहिली एकेक,
आरशात, आपल्याच कानाशेजारी,
ते मडकं बघत.
स्पॅनिश एकट्या औषधवालीला येत होतं.
तिने मोठ्याने वाचलं :
आई, खाणीवरून यायला उशीर होईल.
बटाटे झाकून ठेवलेत.
जेवून घे.

मार्चात पत्र आलं.
चूक नव्हे. आईला दिसत नाही,
ती लाकूड बोटांनी वाचते.
लाकडावर अक्षरं सरळच आहेत.
कागद तेवढे तुमच्यासाठी.

वीविकाने खणातून स्वतःचा ठसा काढला,
डोळे मिटून अंगठा फिरवला.
काहीच लागेना.

हेल्दुरने बर्चची फळी घेतली.
चाळीस वर्षं उलटं कोरलेला हात,
सरळ अक्षराशी अडखळायचा;
दोन फळ्या चुलीत गेल्या.
तिसरीवर, औषधवालीला विचारून, एवढंच :
बटाटे पोचले.

पोस्टात अर्ज भरला.
वस्तू : लाकूड. वजन : दीड किलो.
छाप किती, बाईने विचारलं.
एकही नाही, म्हणाला,
आणि ती दोरी बांधेपर्यंत
फळीवरचं बोट काढेना.