फॉल्ट

आधी चप्पल गेली.
वडाळ्याच्या सबस्टेशनपासून नाक्यापर्यंत
एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी
असा चालत आलो आणि मला पत्ताच नाही.
पानवाला म्हणाला, मोरजकर, सकाळी सकाळी?

मग शर्टाचं वरचं बटण.
मग तिसऱ्या जिन्याची आठवी पायरी,
एकोणतीस वर्षं नुसती आठवी होती,
एका आठवड्यात कमरेएवढी झाली.

शैला म्हणाली, व्हिटॅमिन.
शेजारचे म्हणाले, मणका.
कुणी निर्गुडीचं तेल दिलं,
उशीला अजून वास आहे.

डॉक्टर दुबाश बाईंनी गुडघ्यावर हातोडी मारली.
गुडघा गप्प.
दुसऱ्यावर मारली. तोही,
साहेबाने नाव विचारल्यावर गँग गप्प राहते तसा.

मग टेबलावर झोपवून तारा लावल्या.
गुडघ्यामागे झटका,
पावलापर्यंत पोचायला किती वेळ, ते मोजायचं.
मला हसू आलं. मशीनवरची मुलगी दचकली,
अंकल, दुखतंय का?
नाही गं, म्हटलं, हे तर माझंच काम.
रस्त्याखालच्या केबलमध्ये असाच झटका सोडायचा,
तो किती वेळात परत येतो ते बघायचं,
आणि सांगायचं, खोदा. इथेच.
या उसाच्या गाडीखाली.

तांबं शाबूत आहे, बाई म्हणाल्या,
वरचं वेष्टण गेलंय. जागोजाग.
घूस? मी विचारलं. पाणी शिरलं?
टेलिफोनवाल्यांची कुदळ?
नाही. तुमचेच रखवालदार.
चोर शिरला समजून
घरच्याच तारा सोलत बसलेत.
का पण?
बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.
मला ते आवडलं. आमच्या रजिस्टरातही
निम्म्या फॉल्टपुढे लिहिलेलं असायचं,
कारण अज्ञात.

आजाराचं नाव चार शब्दांचं.
शैलाने लाइट बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं,
तिसऱ्या शब्दापाशी कागद संपला.

पाच दिवस. अठ्ठावीस बाटल्या.
पतपेढीचं कर्ज, मेव्हण्याचे साठ हजार,
आणि ट्रस्टच्या ऑफिसबाहेर बाकावर
शैला बसली ते तास, ते कुठल्या खात्यात
टाकायचे मला कळत नाही.

बाटली फ्रीजमधून यायची.
फेस होऊ नये म्हणून सिस्टर शिबी ती हलवायची नाही,
नुसती तळहातांत धरून उभी राहायची.
तिनेच सांगितलं, हे हजारो माणसांच्या रक्तातून काढतात.
कुणाच्या?
लेबलावर नावं नसतात. बॅच नंबर असतो.
थेंब थेंब. दुसऱ्या रात्री डोकं असं ठणकलं
की म्हणालो, दिवा बंद करा.
मी म्हणालो. ज्याने अर्ध्या शहराचे दिवे जोडले तो.

हजारो परके आत गेले.
माझ्या रखवालदारांशी काय बोलले कोण जाणे.
बाईंनाही नेमकं सांगता आलं नाही,
म्हणाल्या, अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही.
बसवून चहा पाजला असेल.

बाराव्या दिवशी फरशी गार लागली.
मोरीपुढची, फुटकी. तिची कड टाचेला टोचली.
शैलाला हाक मारली नाही.
पाय उचलला, परत ठेवला.
परत.

बरा झालो असं म्हणत नाही.
चौथ्या आठवड्यात चप्पल पुन्हा सैल होते,
कुलपात किल्ली फिरत नाही,
शैला न बोलता फोन लावते,
फ्रीजमध्ये कोथिंबीर सरकवून जागा करते.

काल दादरला, फुलबाजारात,
एका पोऱ्याने टोपलीसकट पायावर पाय दिला.
सॉरी काका.
लागलं, मी म्हणालो. चांगलंच लागलं.
तो घाबरला. मी बघत राहिलो त्याच्याकडे,
वय अठरा असेल का, वजन पुरेसं असेल का,
याने कधी रक्त दिलं असेल का.
विचारणार होतो,
पण मागून झेंडूवाली ओरडली,
अहो काका, चला पुढे, वाट अडवू नका.
मी चाललो.