पुढचा प्रश्न

गॅरेजचं काळं नखांतून अजून गेलेलं नसतं,
तरी रात्री दहाला, कुताइसी पेंगत असताना,
मी तेकलेची वही धरतो.
तिची कसली, माझीच;
चार वर्षांपूर्वी माझ्यासकट नापास झालेली.

खिडकीखाली रिओनी नदी पुटपुटते,
पाठांतर केल्यासारखी.
तेकले तुतीनं माखलेली बोटं चाटत उत्तरं देते,
अडली की माझ्याकडे बघते.
मी मख्ख.

आज समासात तिची पेन्सिल दिसली:
माझं समीकरण खोडलेलं,
शेजारी बरोबर उत्तर,
इतक्या बारीक अक्षरात
की मला दिसू नये.

"काय झालं, झाझा?"
काही नाही.
तेव्हा कुणी असं हळूच खोडलं असतं तर...

पुढचा प्रश्न, म्हणतो मी,
आणि पान उलटतो
मनगटानं,
डाग पडू नये म्हणून.